साखळीतील छोटी कडी

जुलै २०२५ मध्ये कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाविषयी दोन बातम्या पाठोपाठ आल्या. पहिली आनंदाची होती. जागतिक बँकेने आपल्या वार्षिक वर्गवारीत या देशाला प्रथमच उच्च उत्पन्न गटात स्थान दिले. दुसरी बातमी त्याच महिन्याच्या अखेरीस आली. संगणकाच्या चिप बनविणाऱ्या इंटेल या अमेरिकी कंपनीने कोस्टा रिकातील चिपच्या जोडणीचे व चाचणीचे काम थांबवून ते व्हिएतनाम आणि मलेशियातील आपल्या कारखान्यांकडे सोपविण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीच्या आगमनापासून या देशाच्या आर्थिक उत्कर्षाची कहाणी सांगितली जाते, तीच कंपनी आपले मूळ काम गुंडाळत होती. आणि तेही दुसऱ्यांदा.

वरकरणी या बातम्या एकमेकींशी विसंगत वाटतात. प्रत्यक्षात त्या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. भांडवल तोकडे, देशांतर्गत बाजारपेठ त्याहून तोकडी, अशा विकसनशील देशाने जागतिक उत्पादनव्यवस्थेत शिरकाव कसा करून घ्यायचा आणि ज्या कंपनीचे बोट धरून आत आलो तिने बोट सोडले तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे कोस्टा रिका गेली चाळीस वर्षे शोधत आहे. ती सगळीच समाधानकारक नाहीत. पण या विषयावरील चर्चेत गुंतवणुकीचे आकडेच ऐकू येतात आणि मधली घडण अंधारात राहते, म्हणून हा अनुभव थोडा तपशिलात जाऊन पाहण्याजोगा आहे.

आधी ‘जागतिक मूल्यसाखळी’ म्हणजे काय ते पाहू. एके काळी एखादी वस्तू एका देशात तयार होऊन दुसऱ्या देशात विकली जाई. आज वस्तूचा आराखडा एका देशात होतो, तिचे भाग तीन-चार देशांत बनतात, जोडणी पाचव्या देशात होते आणि विक्रीचे नियोजन पुन्हा पहिल्याच देशातून चालते. या प्रत्येक टप्प्यावर वस्तूच्या किमतीत थोडी थोडी भर पडते. मात्र ती समान नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास बाजारात असलेल्या आयपॉडच्या एका नमुन्याची चिरफाड करून हा हिशेब मांडला होता. दुकानात २९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या त्या यंत्राची जोडणी चीनमध्ये होत असे आणि जोडणीच्या वाट्याला येत होते अवघे चार डॉलर. सर्वांत मोठा वाटा आराखडा व नाममुद्रा ज्यांच्या मालकीची, त्या अ‍ॅपलचा होता. तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी हेच तत्त्व १९९० च्या दशकाच्या आरंभी एका वक्ररेषेने समजावले होते. साखळीच्या सुरुवातीला, म्हणजे संशोधन व आराखड्यात, आणि शेवटाला, म्हणजे नाममुद्रा व विक्रीपश्चात सेवेत, मोल जास्त असते. मधल्या जोडणीत सर्वांत कमी. ही रेषा हसणाऱ्या ओठांसारखी दिसते, असे ते म्हणत. मधल्या टप्प्यावर राबणाऱ्या देशांना त्यात हसण्यासारखे फारसे काही नसते, ही गोष्ट वेगळी.

तरीही छोटे देश याच मधल्या टप्प्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, कारण त्यांच्यापुढे दुसरे दार सहसा उघडे नसते. पन्नास लाख लोकसंख्येच्या देशाने स्वतःची मोटार स्वतःच्या ग्राहकांसाठी बनवायची म्हटले, तर कारखाना अर्धा वेळ बंद ठेवावा लागेल. संपूर्ण वस्तू नव्हे, तर वस्तूचा एखादा भाग किंवा प्रक्रियेतला एखादा टप्पा जगासाठी करायचा, हाच त्याला परवडणारा मार्ग. प्रश्न उरतो तो आत कशाच्या जोरावर शिरायचे, याचा.

स्वस्त मजुरी आणि आयातशुल्कातील सवलत हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथोने हाच मार्ग धरला. अमेरिकेने २००० साली आफ्रिकी देशांसाठी शुल्कमुक्त प्रवेशाचा कायदा केला आणि तैवानी मालकांचे कापड कारखाने लेसोथोत उभे राहिले. हजारो स्त्रियांना पहिल्यांदाच रोख पगार मिळू लागला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण डेनिमची एक गिरणी सोडली तर कापड बाहेरून येई, आराखडे बाहेरून येत आणि मालक व बहुतेक व्यवस्थापकही बाहेरचेच असत. १ जानेवारी २००५ रोजी वस्त्रव्यापारावरील जागतिक कोटापद्धती संपली आणि काही कारखान्यांना टाळे लागले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोच्या मालावर ५० टक्के शुल्क जाहीर केले. पुढे ते १५ टक्क्यांवर आणण्यात आले, तरी दरम्यानच्या काळात मागण्या आटल्या. परक्या संसदेतील एका कायद्यावर आणि परक्या अध्यक्षांच्या एका सहीवर उभा असलेला उद्योग किती काळ तग धरणार?

कोस्टा रिकाची सुरुवात याहून फारशी वेगळी नव्हती. आकाराने आपल्या मराठवाड्याहून लहान आणि लोकसंख्येने मुंबईच्या निम्म्याहून कमी असलेला हा देश कॉफी आणि केळी विकून जगत होता. १९८० च्या सुमारास कॉफीचे भाव कोसळले, तेल महागले आणि १९८१ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबविण्याची पाळी आली. त्या संकटातून दोन गोष्टी जन्मल्या. अमेरिकेने कॅरिबियन परिसरातील देशांना दिलेल्या शुल्कसवलतींच्या आधारे कपडे शिवणारे कारखाने आले, ही पहिली. दुसरी, १९८२ मध्ये परकीय गुंतवणूक आणण्यासाठी ‘सिंदे’ ही संस्था अमेरिकी मदतीतून स्थापन झाली. ती सरकारी खाते नव्हती. खासगी, पण नफा न कमावणारी होती. त्यामुळे मंत्री बदलला तरी तिथली माणसे बदलत नसत. छोट्या देशांच्या बाबतीत ही साधी गोष्ट किती मोलाची ठरते, हे पुढे दिसले.

या देशाजवळ शेजाऱ्यांजवळ नसलेली एक पुंजी मात्र आधीपासून होती. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची तरतूद तिथे १८६९ सालीच झाली होती. १९४८ मध्ये होसे फिगेरेस यांनी यादवी युद्धानंतर चक्क लष्करच बरखास्त केले. वाचलेला पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळविण्यात आला. शेजारच्या निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वाटेमालात बंदुका चालत असताना इथे मुले शाळेत जात होती. हे धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चिपचे कारखाने अर्थातच नव्हते.

१९९६ मध्ये इंटेल आपल्या नव्या जोडणी-चाचणी कारखान्यासाठी जागा शोधत होती. तिच्या आरंभीच्या यादीत कोस्टा रिकाचे नावही नव्हते. ब्राझील, चिली, मेक्सिको, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स असे मोठे स्पर्धक होते. सिंदेच्या माणसांनी दोन-तीन वर्षे चिकाटीने इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचे दरवाजे ठोठावले होते, म्हणून हे नाव कसेबसे यादीत घुसले. त्यानंतर जे झाले त्यात खरी नवकल्पना होती, असे मला वाटते. ती कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मलेली नव्हती. कंपनीचे अधिकारी प्रश्न विचारत आणि सिंदे त्या त्या खात्याच्या माणसालाच त्यांच्यासमोर बसवून उत्तर मिळवून देई. तत्कालीन अध्यक्ष होसे मारिया फिगेरेस (लष्कर बरखास्त करणाऱ्या फिगेरेस यांचे चिरंजीव) यांनी या कामात जातीने लक्ष घातले.

प्रश्न साधे नव्हते. एवढ्या छोट्या देशाच्या वीजजाळ्याला हा कारखाना पेलेल काय? उत्तर म्हणून नवे उपकेंद्र उभारण्याची तयारी झाली आणि मोठ्या औद्योगिक ग्राहकांसाठी वेगळा दर ठरविण्यात आला. सिलिकॉनच्या चकत्या विमानाने येणार आणि तयार चिप विमानानेच जाणार, तेव्हा मालवाहू उड्डाणे पुरेशी आहेत काय? उड्डाणांच्या परवान्यांचे नियम सैल करण्यात आले. सर्वांत कळीचा प्रश्न होता तो तंत्रकुशल मनुष्यबळाचा. देशात अभियंते होते, शालान्त परीक्षा झालेली मुले होती. मधला तंत्रज्ञ नव्हता. तेव्हा कोस्टा रिकाची तंत्रज्ञान संस्था, शिक्षण खाते आणि कंपनी यांनी एकत्र बसून एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार केला आणि इंग्रजीच्या शिक्षणावर भर देण्यात आला.

यातील एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. इंटेलला म्हणून खास काही द्यायचे नाही, जे द्यायचे ते त्याच अटींवर कोणत्याही कंपनीला मिळेल असे नियमात बसवून द्यायचे, हे पथ्य सरकारने पाळले. मुक्त क्षेत्राच्या १९९० च्या कायद्यानुसार पहिली आठ वर्षे प्राप्तिकर पूर्ण माफ आणि नंतरची चार वर्षे निम्मा माफ, ही सवलत सर्वांनाच होती. करमाफीच्या बाबतीत इतर देशही मागे नव्हते. त्यामुळे निर्णय करमाफीवर झाला असेल असे मानायला जागा नाही. आपल्याकडे गुंतवणुकीची चर्चा बहुधा जमीन आणि करसवलत यांच्यापाशीच थांबते, म्हणून हे आवर्जून सांगितले.

नोव्हेंबर १९९६ मध्ये ३० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली आणि १९९८ मध्ये राजधानी सान होसेजवळील बेलेन येथून चिप बाहेर पडू लागल्या. १९९९ मध्ये देशाचा विकासदर आठ टक्क्यांच्या पुढे गेला आणि वस्तुनिर्यातीत या एका कारखान्याचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक झाला. कॉफी आणि केळी यांची ओळख सांगणारा देश चिपचा निर्यातदार म्हणून नावारूपाला आला.

आकडे मात्र फसवे होते. चकत्या बाहेरून येत, चिप बाहेर जात; त्यामुळे निर्यातीचा आकडा फुगलेला दिसे, पण देशात राहणारे मूल्य त्यातला थोडाच भाग होते. नफा मायदेशी जात असल्यामुळे देशातील उत्पादन जितके वाढले, तितके देशवासीयांचे उत्पन्न वाढले नाही. स्थानिक उद्योजकांकडून कंपनी काय घेत होती? बांधाबांधीचे सामान, वाहतूक, सुरक्षारक्षक, उपाहारगृहाची सेवा. चिपमध्ये प्रत्यक्ष जाणारे साहित्य जवळजवळ नाहीच. स्थानिक पुरवठादार आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांची गाठ घालून देणारा ‘कोस्टा रिका प्रोव्हे’ नावाचा कार्यक्रम सरकारने पुढे हाती घेतला खरा. परंतु लहान कारखानदाराला गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी आणि यंत्रे बदलण्यासाठी लागणारे कर्ज बँकांकडून सहज मिळेना. ही अडचण आपल्या वाचकांपैकी ज्यांनी लघुउद्योग चालविला आहे, त्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग या साऱ्यातून देशाला मिळाले काय? दोन गोष्टी मिळाल्या, आणि दोन्ही निर्यातीच्या आकडेवारीत दिसत नाहीत. एक म्हणजे पत. इंटेलसारख्या चोखंदळ कंपनीने हा देश निवडला, याचा अर्थ तिथे वीज, कायदा आणि माणसे विश्वासार्ह आहेत, असा संदेश इतरांना गेला. प्रॉक्टर अँड गँबलने १९९९ मध्ये आपले सेवा केंद्र तिथे सुरू केले. इतर कंपन्याही आल्या. दुसरी गोष्ट म्हणजे सवय. धूळ नसलेल्या खोलीत काम करणे, प्रत्येक कृतीची नोंद ठेवणे, दोष आढळल्यास तो कुठल्या टप्प्यावर शिरला हे शोधणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. हजारो तंत्रज्ञांच्या हाताला आणि डोळ्याला ती शिस्त लागली.

८ एप्रिल २०१४ रोजी त्या शिस्तीची परीक्षा झाली. नव्या अध्यक्षांच्या निवडीला दोनच दिवस झाले होते. इंटेलने जोडणी-चाचणीचा कारखाना बंद करून काम आशियात नेण्याचे आणि सुमारे पंधराशे जणांना कमी करण्याचे जाहीर केले. देशाला धक्का बसला. वैयक्तिक संगणकांची मागणी घटत होती, आशियातील कारखाने मोठे व ग्राहकांना जवळचे होते. कोस्टा रिकाची चूक म्हणावी असे त्यात काही नव्हते. साखळीतील छोट्या कडीचे हेच दुखणे असते. तिचे भवितव्य जिथे ठरते, त्या खोलीत तिला खुर्ची नसते.

कंपनी मात्र पूर्णपणे गेली नाही. चिपच्या आराखड्याची तपासणी करणारे अभियांत्रिकी केंद्र आणि सेवाविभाग तिथेच राहिले व पुढे वाढले. म्हणजे वक्ररेषेचा तळ आशियात गेला आणि वरच्या चढाचा एक तुकडा कोस्टा रिकात उरला. २०२० च्या अखेरीस तर कंपनीने जोडणीचे काम पुन्हा तिथे आणण्याचे ठरविले. करोनाकाळातील चिपटंचाईमुळे त्या गुंतवणुकीचा आकडा पुढच्याच वर्षी ६० कोटी डॉलरपर्यंत वाढविण्यात आला. तेच काम २०२५ मध्ये, कंपनी स्वतः अडचणीत आल्यावर, पुन्हा हलविण्याचे ठरले. या खेपेलाही अभियांत्रिकी आणि इतर विभागांतील दोन हजारांहून अधिक नोकऱ्या तिथेच राहतील, असे कंपनीने सांगितले. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना अर्थातच हा वक्ररेषेचा हिशेब दिलासा देऊ शकत नाही.

२०१४ च्या धक्क्यातून देश सावरला तो प्रामुख्याने एका वेगळ्याच साखळीमुळे. बॅक्सटर या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्येच सलाइनच्या नळ्यांसारख्या साध्या वैद्यकीय वस्तू तिथे बनविण्यास सुरुवात केली होती. २००४ मध्ये बोस्टन सायंटिफिक आली. हळूहळू नळ्यांच्या जागी शस्त्रक्रियेची उपकरणे, त्यानंतर रक्तवाहिन्यांत सोडायच्या बारीक नलिका आणि पुढे हृदयाच्या कृत्रिम झडपा, अशी चढण या उद्योगाने पार केली. प्राण्यांच्या उतीपासून बनणाऱ्या झडपा सूक्ष्मदर्शकाखाली हाताने शिवाव्या लागतात. एक टाका चुकला तर रुग्णाच्या जिवाशी गाठ. असे काम कोणतीही कंपनी केवळ मजुरी स्वस्त आहे म्हणून एखाद्या देशाकडे सोपवीत नाही. नोंदी चोख ठेवणारा आणि धूळमुक्त खोलीत वावरण्याची सवय असलेला तंत्रज्ञ इथे लागतो, आणि तो कोस्टा रिकाजवळ होता.

या चढणीतील एक टप्पा बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. वैद्यकीय उपकरण बनले तरी निर्जंतुक झाल्याशिवाय ते विकता येत नाही, आणि ही सोय देशात नसल्याने माल त्यासाठी परदेशी पाठवावा लागे. त्यात दिवस जात आणि तयार वस्तूही कागदोपत्री अर्धवट राही. निर्जंतुकीकरणाची केंद्रे अलाहुएला प्रांतातील कोयोल मुक्त क्षेत्रासारख्या वसाहतींच्या आसपास उभी राहिली, तेव्हा माल कारखान्यातून थेट ग्राहकाकडे जाऊ लागला. साचे बनविणारे, धातूचे सूक्ष्म भाग कातणारे, विशेष वेष्टन तयार करणारे असे पुरवठादार भोवती जमले. त्यांत परदेशी अधिक असले तरी स्थानिकही आहेत. एकेक सुटी कंपनी उचलून नेणे सोपे असते. एकमेकांवर विसंबलेले असे मोहोळ हलविणे कठीण. सिंदेने विखुरलेल्या कंपन्यांमागे धावण्याऐवजी साखळीतील नेमकी कोणती कडी देशात नाही हे शोधून त्या कडीला आमंत्रण देण्याचे धोरण ठेवले, त्याचे हे फळ. गेल्या काही वर्षांत देशाच्या वस्तुनिर्यातीत वैद्यकीय उपकरणांचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक झाला आहे. कॉफी, केळी आणि अननस यांना त्यांनी केव्हाच मागे टाकले.

याच वातावरणातून २००४ मध्ये ‘एस्टॅब्लिशमेंट लॅब्स’ ही कोस्टा रिकातीलच कंपनी निघाली. शरीरात बसवायची सिलिकोनची रोपणे ती स्वतःच्या नाममुद्रेने व स्वतःच्या संशोधनावर बनविते. २०१८ मध्ये तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या उत्पादनाला अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे भाग बनविणाऱ्या देशात स्वतःचा आराखडा असलेली कंपनी उभी राहण्यास बॅक्सटरच्या आगमनापासून सतरा वर्षे, आणि तिला जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठेत प्रवेश मिळण्यास आणखी वीस वर्षे लागली. असे उदाहरण अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहे, हेही सांगितले पाहिजे.

कारण या यशाला एक मोठी भेग आहे. कोस्टा रिकात आज दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. मुक्त क्षेत्रांतील निर्यातदार झपाट्याने वाढतात, चांगला पगार देतात आणि करात सवलत घेतात. बाहेरचा दुकानदार, शेतकरी, छोटा कारखानदार पूर्ण कर भरतो आणि मंद गतीने चालतो. बहुतेक मुक्त क्षेत्रे सान होसेच्या भोवतालच्या मध्य खोऱ्यात आहेत; लिमोन, पुंतारेनास, ग्वानाकास्ते या किनारी प्रांतांच्या वाट्याला केळीचे मळे, बंदरे आणि पर्यटन. ‘ओईसीडी’ या संपन्न राष्ट्रांच्या संघटनेचे सदस्यत्व देशाला २०२१ मध्ये मिळाले. त्या संघटनेतील सर्वाधिक विषमता असलेल्या देशांत त्याची गणना होते.

अमेरिकेवरील अवलंबन ही दुसरी चिंता. २०२५ मध्ये अमेरिकेने कोस्टा रिकाच्या मालावर आधी १० आणि ऑगस्टपासून १५ टक्के शुल्क लावले, तेव्हा २००९ पासून अमलात असलेल्या मुक्त व्यापार कराराचा उपयोग झाला नाही. सिंदेशी असलेला करार सरकारने २०२३ मध्येच मोडून तिचे काम निर्यात-विकासाच्या सरकारी संस्थेकडे दिले होते. चाळीस वर्षे जमवलेला अनुभव असा बाजूला सारण्यामागचे शहाणपण काय, हे निदान या लेखकाला उमगलेले नाही.

मात्र सर्वांत गंभीर बाब शाळांची आहे. २०१८ आणि २०१९ मधील शिक्षकांचे दीर्घ संप आणि पाठोपाठ आलेली करोनाची साथ यांमुळे मुलांचे सलग काही वर्षांचे शिक्षण विस्कटले. देशाच्या स्थितीचा नियमित आढावा घेणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांनी २०२१ मध्ये याला ‘शिक्षणातील अंधार’ म्हटले. ज्या पुंजीवर १९९६ मध्ये इंटेल आली आणि पुढे झडपा शिवणारे कारखाने टिकले, तीच पुंजी आटू लागली आहे. आजचा सहावीतला मुलगा दहा वर्षांनी कोयोलच्या दाराशी उभा राहील, तेव्हा त्याला इंग्रजी आणि अपूर्णांक येत नसतील, तर करमाफीची मुदत वाढवून भागणार नाही.

२०२२ मध्ये देशाने एक नवा कायदा करून मध्य खोऱ्याबाहेर जाणाऱ्या कंपन्यांना वाढीव सवलती देऊ केल्या. लिमोनजवळ मोईन येथे २०१९ पासून अद्ययावत कंटेनर बंदरही चालू आहे. जागा आहे, बंदर आहे, कायदाही आहे. तिथल्या माध्यमिक शाळांतून तंत्रज्ञ होण्याजोगी मुले पुरेशा संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून कंपन्या अजूनही सान होसेच्याच आसपास जागा शोधतात.